जेलच्या थेंबातले भ्रूण

गाय, मेंढी यांच्या भ्रूणाभोवती पहिला आठवडाभर झोना पेल्युसिडा हे पारदर्शक कवच असते. सुरुवातीच्या पेशी एकमेकींना सैलच धरून असतात. त्यांना विखरू न देणे हे या कवचाचे मोठे काम. एका भ्रूणाची जुळी करायची तर हे कवच कापावे लागते. असे उघडे भ्रूण अंडवाहिनीत सोडले, की पेशी पांगतात, भिंतीला चिकटतात किंवा मादीच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर हल्ला करतात.

केंब्रिजमध्ये स्टीन विलाडसेन यांनी 1979 मध्ये यावर वाट काढली. मेंढीच्या भ्रूणाच्या दोन पेशी वेगळ्या करून त्यांनी त्या रिकाम्या झोनांत ठेवल्या, वर आगरचे आवरण दिले आणि दुसऱ्या मेंढीच्या बांधलेल्या अंडवाहिनीत काही दिवस वाढवल्या. त्यातून एकसारखी जुळी कोकरे जन्मली.

आगर पातळ करायला उष्णता लागते. समुद्री शेवाळातले सोडियम अल्जिनेट त्यापेक्षा सोयीचे: भ्रूणासह त्याचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पडताच घट्ट होतो, सायट्रेटने पुन्हा विरघळतो. पोषक द्रव्ये आणि ऑक्सिजन आत जातात, पेशींना मात्र वाट मिळत नाही. खरे कौशल्य थेंबाच्या आकारात आहे. गाईचे भ्रूण जेमतेम 0.15 मिलिमीटरचे, थेंब मोठा झाला तर ऑक्सिजनचा मार्ग लांबतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीही ते नीट दिसत नाही. माध्यमात फॉस्फेट जास्त असेल तर ते कॅल्शियम ओढून घेते आणि जेल सैल पडते. इनक्युबेटरचे तापमान 38.5 अंशांच्या आसपास राखावे लागते.

वेळही तितकीच महत्त्वाची. सातव्या दिवशी भ्रूणाची ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी असलेली अवस्था, तयार होते आणि आठव्या-नवव्या दिवशी ती स्वतःच कवच फोडून बाहेर येते. गर्भाशयात सोडण्याआधी जेल काढलेच पाहिजे, नाहीतर राखणच अडसर ठरते.

पुणे जिल्ह्यातल्या आळेफाट्याच्या बाजारात चांगल्या दुधाळ संकरित गाईला मोठी किंमत मोजावी लागते, म्हणून उत्तम गाईची वासरे इतर गाईंच्या पोटी वाढवण्याचे आकर्षण इथे साहजिक आहे. याच जिल्ह्यात वडगाव रासाई येथे जे. के. ट्रस्टची गाईंच्या आयव्हीएफची प्रयोगशाळा आहे. पशुपालकाने मात्र एवढे ध्यानात ठेवावे: झोना शाबूत असलेल्या सात दिवसांच्या भ्रूणाला जेलची गरज नाही. गरज आहे ती माज जुळलेल्या, निरोगी गाईची.