विषयाला धरून

शाळांमधल्या निबंध स्पर्धांचा एक ठरलेला मोसम असतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. पाऊस संपला की सुरू, वार्षिक परीक्षा जवळ आली की बंद.

आमच्या बीड जिल्ह्यात नेमका याच दिवसांत दुसराही एक हंगाम असतो. दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही लेकरं आई-बापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी. थोडक्यात काय, तर स्पर्धांची तारीख ठरते तेव्हा निम्मं घर गावात नसतं.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आलेल्या पाहिल्या त्या गेल्या वर्षी. मी मूळचा नेकनूरचा. जानेवारीत गावाकडे गेलो होतो, तर ओळखीच्या एका गुरुजींनी हाक मारली. "आलाच आहात तर निबंध तपासू लागा की." विषय होता 'माझी मायबोली मराठी'.

गठ्ठा चाळायला घेतला. पहिल्या निबंधात मराठी 'अमृताहून गोड', दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. ज्ञानेश्वर, तुकाराम, शिवराय ठरलेल्या क्रमाने येऊन जात होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, हे वाक्य तर काना-मात्र्याचा फरक न होता बहुतेक कागदांवर. अक्षर मात्र एकेकाचं मोत्यासारखं! लेकरांना काय बोलणार? त्यांना जे चांगलं म्हणून दिलं गेलं, ते त्यांनी जपून पाठ केलं आणि उतरवलं.

मग सातवीतल्या एका मुलीचा निबंध हाती आला. तिचे आई-अण्णा उसाला गेलेले, धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर, ही आजीजवळ. तिनं लिहिलं होतं की आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तशीच उचल, कोपी, वाढं, पाचट या शब्दांची ओळख करून दिली होती. आई रात्री फोन करते तेव्हा आधी शेळीची चौकशी करते, मग माझी, असंही होतं. आणि शेवटी भावाबद्दल: तो आता कानडीत वीसपर्यंत मोजतो, पण फोनवर मराठीत गोष्ट सांगताना मध्येच अडतो. मला याची भीती वाटते, असं तिनं लिहिलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद होता. सुविचार एकही नव्हता.

मी तो कागद गुरुजींपुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

"पोरगी हुशार आहे. पण हे विषयाला धरून कुठंय?"

"गुरुजी, सगळ्या गठ्ठ्यात विषयाला धरून हाच आहे."

"ते मला कळतंय हो. पण पहिला नंबर पुढं पाठवायचा असतो. तिथं शुद्धलेखनाचे गुण आहेत, मांडणीचे आहेत, अवतरणांचे आहेत. तिथं हा टिकायचा नाही."

गुरुजींचं म्हणणं खोटं नव्हतं. गुणांची बेरीज केली आणि तिला उत्तेजनार्थ मिळालं. ज्याचा पहिला आला तो मुलगाही मेहनती होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे. जे मोजायला सोपं त्याला गुण ठेवायचे आणि जे लेकराचं स्वतःचं आहे त्याला रकानाच नाही, हा कुठला न्याय?

मराठीत शाळकरी मुलीचा निबंध म्हटला की मला मुक्ता साळवे आठवतात. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज पावणेदोनशे वर्षं होत आली तरी तो वाचला जातो. तो आमच्या तक्त्यावर घातला असता तर कितवा आला असता, हा विचार करून पाहा.

स्पर्धाच नकोत, असं मी म्हणत नाही. त्या निमित्तानं तरी लेकरू कोरा कागद पुढ्यात घेऊन बसतं. भारतीय टपाल खात्याची 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा २०१७ पासून होते. आंतरदेशीय पत्रावर पाचशे शब्द किंवा पाकिटातून हजार शब्द, हातानं लिहायचे, आणि ते मराठीतही चालतात. जागतिक टपाल संघाची मुलांसाठीची पत्रस्पर्धा तर १९७१ पासूनची. ९ ते १५ वयाची मुलं तीत भाग घेतात. पत्राचं एक बरं असतं. समोर कुणीतरी माणूस धरावा लागतो, आणि माणसाशी बोलताना 'अमृताहून गोड' फार वेळ टिकत नाही.

तेव्हा विषय असे द्यावेत, जे तपासणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याला जास्त माहीत असतील. नेकनूरसारख्या गावात विषयांना काय तोटा? आमचा जनावरांचा बाजार आहे, बंकटस्वामी महाराजांचं गाव म्हणून कीर्तन-सप्ताहांची परंपरा आहे. आजीच्या तोंडचे दहा शब्द, बैल विकला तो दिवस, आई-अण्णा नसतानाचं घर. पुस्तकात न सापडणारं काहीही. आणि एक स्पर्धा तरी पावसाळ्यात घ्यावी, टोळ्या गावात असतात आणि सगळी लेकरं वर्गात असतात तेव्हा.

हे सगळं मी गुरुजींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुलैत घेऊ. विषय तुम्ही द्या. पण तपासायलाही तुम्हीच यायचं. ह्या निबंधांना गुण कसे द्यायचे, ते मला काही अजून उमगलेलं नाही."

मलाही तक्ता अजून जमलेला नाही. पण जुलैची रजा टाकून ठेवली आहे.