गडावर जाण्याआधी पाऊल पाहा
सिंहगडावर निघालेल्या माझ्या एका मधुमेही रुग्णाचा मी रक्तदाब तपासला, गोळ्या समजावल्या. बुटांविषयी विचारायचे मात्र राहून गेले. उतरणीवर नव्या बुटात अंगठा पुढे आदळत राहिला. बधिर पावलाला फोड जाणवलाच नाही. जखम भरायला ३ महिने लागले. चूक माझीही होती.

बूट संध्याकाळी घ्यावेत. तेव्हा पावले किंचित सुजलेली असतात. सहलीचेच मोजे घालून, उभे राहून पाहावेत. लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. 'वापरून सैल होतील' हे दुकानदाराचे आश्वासन ऐकू नये! आधी १५ दिवस घराजवळ वापरावेत. आणि परतल्यावर वडीलधाऱ्यांचे तळवे आपण स्वतः पाहावेत. 'काही दुखत नाही' असे तोही म्हणाला होता.