गोष्टीतल्या बागेसाठी बालाघाटातली झाडं

चौसाळा

चि. माई,


वाड्यात मुलांसाठी वाचनघर सुरू करणार आहेस आणि परसात गोष्टीत असते तशी बाग हवी आहे, हे वाचून फार आनंद झाला. त्यासाठी पुण्याच्या नर्सरीतून चित्रविचित्र रोपं आणू का, असं विचारलंस. माझं मत सांगतो. आणू नकोस. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे रोज पाणी मागणारी बाग टिकणार नाही. शिवाय आपल्या बालाघाट डोंगराच्या माळांवर चमत्कारिक झाडांना तोटा नाही.

आधी कांडोळ लाव. काही लोक त्याला भुत्या म्हणतात. कागदासारखी सुटणारी पांढरी साल, आणि हिवाळ्यात पानं गळाली की चांदण्यात नुसता पांढरा सांगाडा उभा! पानं टाकून ते पाणी वाचवतं, म्हणूनच खडकाळ उतारावर जगतं. डिंकासाठी खोल घाव घातल्याने ही झाडं मरतात, हेही मुलांना सांग.

कुंपणाजवळ मुरुडशेंग असू दे. तिच्या शेंगा दोरीला पीळ घालावा तशा वळलेल्या असतात. बाळगुटीत उगाळतात तीच ही, त्यामुळे गावातल्या आज्या मुलांना तिची माहिती देतील. कपाळफोडीचा वेल तारेवर चढव. तिची फुग्यासारखी फळं फोडली की आत काळं बी निघतं, आणि त्या प्रत्येक बीवर पांढरं बदामाचं चिन्ह असतं. दुधी भोपळ्याला मांडव कर आणि दोन-तीन फळं तोडूच नकोस. वाळली की त्यांचे कठीण, हलके तुंबे होतात. म्हातारी नि भोपळ्याची गोष्ट सांगताना तुंबा मुलांच्या हातात दे.

कंदीलपुष्पाची एक कुंडी मात्र हवीच. त्याच्या नळीत लहान माशी शिरते, पण आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत वर येता येत नाही. केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते. फूल तिला मारत नाही, फक्त थांबवून ठेवतं. याच्या कित्येक जाती महाराष्ट्राबाहेर कुठेच नाहीत आणि त्यांतल्या काही दुर्मीळ झाल्या आहेत, म्हणून डोंगरातून कंद उपटून आणायचा नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या वनस्पतींच्या जतनाचं मोठं काम झालं आहे. रोपासाठी तिथे चौकशी कर.

कळलावी तुला आवडेल हे मला ठाऊक आहे. पानांची टोकंच आकडे होऊन आधार धरतात, पाकळ्या उलट्या वर वळतात आणि पिवळ्या-हिरव्याच्या लाल होत जातात. पण तिचा कंद आणि बिया अत्यंत विषारी आहेत. गुंजेची लाल-काळी बीही तशीच, आणि ती तर मुलं हमखास तोंडात घालतील. लहान मुलं येणाऱ्या परसात या दोन्ही नकोत. मुलांना पावसाळ्यात बांधावर नेऊन त्या लांबून दाखव.

माई, झाड नुसतं विचित्र दिसतं म्हणून निवडू नकोस. त्या विचित्र रूपाला कारण असतं. तहान, वारा, माशी, शेळीचं तोंड, या सगळ्यांशी झगडताना त्या झाडाला तो आकार आला. परीकथेत राजपुत्र अडचणीतून युक्तीने सुटतो, तसंच हे झाडही सुटलेलं असतं. म्हणून शेजारी नावाची पाटी लावायचीच तर तिच्यावर एक प्रश्नही लिही. हे फूल माशीला का कोंडतं? या झाडाने पानं का टाकली? उत्तर लगेच सांगू नकोस. मुलांना आठवडाभर बघू दे, भांडू दे, खोटी उत्तरंही रचू दे.

भोपळ्याच्या आणि कपाळफोडीच्या बिया मी जमवून ठेवल्या आहेत. मुरुडशेंगही वाळवून ठेवली आहे. मृगाच्या आधी ये, म्हणजे खड्डे वेळेवर होतील.

तुझा,
मामा