आधी उकळायची, मग भाजायची!

ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला आणि आधी हे ऐका! इटलीच्या दक्षिणेकडे, कॅम्पानिया आणि बासिलिकाता या भागांत, ईस्टरला आणि लग्नकार्यात एक प्रकारची गोड बिस्किटं करतात. ताराल्ली म्हणतात त्यांना. बांगडीसारखी गोल, आणि वरून पांढरीशुभ्र साखरेची झिलई! इथवर ठीक आहे. पण ही बिस्किटं भट्टीत जाण्याआधी उकळतात! पाण्यात! खळाखळा उकळत्या पाण्यात! बिस्किटं!

हे वाचल्यापासून मला चैन पडेना. मी बेकर नाही, शेफ नाही, इटलीला गेलेली नाही आणि बेकिंगमधलं मला फारसं कळतही नाही. पण कृती वाचली, घरात काय काय आहे ते पाहिलं, तर जवळजवळ सगळंच होतं! मग थांबायचं कशाला? चला, तुम्हीही या स्वयंपाकघरात!

अर्धा किलो मैदा, पाच अंडी, तीन-चार चमचे तेल आणि साखर किती? एक चमचा! गोड बिस्किटात एक चमचा साखर! बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, यीस्ट नाही. पाण्याचा थेंबही नाही, सगळा ओलावा अंड्यांचा. तिकडे यात ॲनीस नावाच्या बियांच्या वासाचं मद्य घालतात. ते माझ्याकडे कुठून असणार? पण ॲनीसचा वास ज्या ॲनेथोलमुळे येतो, तेच ॲनेथोल आपल्या बडीशेपेत असतं! मसाल्याच्या डब्यात! मग बडीशेप कुटली, मैद्यात घातली, पीठ चांगलं मळलं, अर्धा तास झाकून ठेवलं आणि मग त्याच्या बोटभर जाडीच्या वळ्या केल्या आणि मग टोकं जुळवून, दाबून कडी केली आणि ती कडी ओट्यावर ओळीने मांडलेली बघूनच मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आणि मग पाणी! मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आली आणि एक कडं अलगद सोडलं. तळाशी गेलं. मी पातेल्यावर वाकून उभी. काही होईना. अजून काही होईना. आणि मग ते हललं, एका बाजूने उचललं गेलं आणि सरळ वर येऊन तरंगायला लागलं! झाऱ्याने काढलं तर आधीचं खडबडीत कडं आता गुळगुळीत, चकचकीत! उकळत्या पाण्याने वरच्या थरातला स्टार्च शिजतो आणि बाहेरून एक पातळ साल तयार होते, म्हणून ही चकाकी. काय सोपं आहे! आणि किती हुशारीचं आहे!

उकळलेली कडी स्वच्छ पंच्यावर पसरून कोरडी करायची आणि मग धारदार सुरीने बाहेरच्या कडेवर गोल फिरवत एक चीर द्यायची, पार एक वेढा. ही चीर विसरू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे! ओव्हन २०० अंशांवर तापवला, कडी आत ठेवली आणि काचेसमोर स्टूल घेऊन बसले. आतल्या ओलाव्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायचं असतं, वरची साल तिला अडवते आणि मग वाफ ती चीर शोधते! डोळ्यांदेखत चीर रुंदावत गेली, कडं दोन ओठांसारखं उघडलं आणि फुललं! सोडा नसताना फुललं! नुसत्या अंड्यांवर आणि वाफेवर! मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून मारून बोलावलं.

बदामी रंगावर आलेलं एक कडं गार झाल्यावर मोडलं. कट्‌! आत पोकळी, खुसखुशीत, हलकं, बडीशेपेचा वास, आणि जवळजवळ अगोड. अगोड! कारण गोडवा सगळा वरून यायचा असतो. तो येतो नास्प्रोमधून.

नास्प्रो म्हणजे त्या भागातली साखरेची झिलई. आणि आता नीट बसा, कारण हे वाचून मी उडालेच! नास्प्रो म्हणजे साखर आणि पाणी उकळून दोन बोटांत तार येईपर्यंत केलेला पाक! अहो, पाक! तार! तिकडेही बोटांनीच तार बघतात! पाकातल्या चिरोट्यांसाठी जो पाक आपण करतो, तो! मला वाटत होतं हे काहीतरी परदेशी, अवघड, थर्मामीटरचं काम असणार, आणि इथे तर माझ्या बोटांना सगळं आधीच ठाऊक होतं!

अर्धा किलो साखर, पाऊण वाटी पाणी, लिंबाचे चार थेंब. पाकाला तार आली की गॅस बंद, आणि लाकडी चमच्याने घोटायला लागायचं. आधी पाक काचेसारखा स्वच्छ असतो. घोटता घोटता कडेला धूसर होतो आणि मग दुधाळ आणि मग एकदम पांढरा! घोटल्यामुळे साखरेचे बारीक बारीक कण एकदम तयार होतात, आणि लिंबाच्या आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेलं असतं, ते या कणांना मोठं होऊ देत नाही. म्हणून झिलई रवाळ न होता मऊसूत! आता मात्र घाई करायची! ब्रशने भराभर लावायचं, उलटवायचं, जाळीवर ठेवायचं. पातेल्यातच घट्ट व्हायला लागलं तर चमचाभर पाणी घालून जरा गरम केलं की पुन्हा सैल. थोड्या वेळाने बोट लावून बघा. कोरडं! पांढरं! वाजवलं तर टकटक वाजतं!

आणि खाताना! आधी साखरेचा पापुद्रा दातांखाली तडकतो, आणि मग ते हलकं अगोड बिस्किट, आणि मग मागून सावकाश येणारी बडीशेप. जास्त गोड नाही, कमी गोड नाही!

आता मला सगळंच करून बघायचंय! इटलीच्याच पुल्या भागात वाइन आणि ऑलिव्ह तेल घालून तिखटमिठाची ताराल्ली करतात, तीही उकळूनच. नेपल्सला नाताळात चॉकलेटने मढवलेली मसाल्याची मुस्ताच्चोली असतात. सिसिलीत सुके अंजीर, बदाम आणि संत्र्याची साल भरलेली कुच्चिदाती असतात, त्यांवर पांढरी झिलई आणि झिलईवर रंगीबेरंगी साखरदाणे! एवढा मोठा खजिना आहे आणि आपण बिस्किटं पुड्यातलीच खात बसलोय!

पण सुरुवात ताराल्लीनेच करा, कारण यातली अर्धी विद्या तुमच्या हातात आहेच. दोनच गोष्टी सांभाळा. कडी उकळल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि पावसाळी दमट दिवस टाळा, नाहीतर झिलई चिकट राहते. झिलई वाळली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मैदा, अंडी, साखर, लिंबू, बडीशेप. बाजारात जायचीसुद्धा गरज नाही. या रविवारीच करा!