काचेच्या पेटीतील पाणी

आमच्या घरी माशांची काचपेटी आली ती नातवाच्या हट्टापायी. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस शाळेला सुट्टी लागली, आणि बेळगावच्या बाजारात पाहिलेले सोनेरी मासे काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हालेनात. आमचे गाव खानापूर तालुक्यातील. पावसाळ्यात ओढ्याला येणारे चढणीचे मासे सोडल्यास मत्स्यकुळाशी आमचा संबंध ताटापुरताच. तरी नातवास नाही म्हणण्याची शक्ती परमेश्वराने आजोबांस दिलेली नसते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी, तळाशी पसरावयाची खडी, हवेचे बुडबुडे सोडणारे लहानसे यंत्र, पाणी गाळणारा स्पंज आणि फुगविलेल्या पिशवीत पाच गोल्डफिश असा सगळा संसार आम्ही बसने घरी आणला. "पाणी भरा, मासे सोडा, झाले," असे दुकानदाराने सांगितले होते. आम्ही पन्नास लिटर पाणी भरले, मासे सोडले, आणि झाले असे समजलो.

चौथ्या दिवशी पहिला मासा गेला. पाचव्या दिवशी दुसरा. उरलेले तिघे पाण्याच्या पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमीट करीत होते व त्यांचे कल्ले लालभडक दिसत होते. कोणी म्हणाले, विहिरीचे पाणी मानवले नाही. कोणी दृष्टीचे नाव काढले. आमच्या मंडळींचा स्वच्छतेवर मोठा विश्वास, आणि तो आमचाही आहेच. सर्व पाणी ओतून दिले, खडी परातीत घेऊन तीनदा धुतली, स्पंज साबणाने चोळून उन्हात कडकडीत वाळविला, आणि ताजे पाणी भरले. पेटी आरशासारखी झळकू लागली. नवव्या दिवशी तिसरा मासा तळाशी आडवा झाला.

नातवाने त्याला काड्यापेटीत ठेवून परसातील कढीलिंबाखाली पुरले. संध्याकाळी तो आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, मी मारले का त्यांना?" दिवसातून चार वेळा मूठमूठ दाणे तोच घालीत असे, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही "नाही रे" म्हणालो. पण ते उत्तर आम्ही काही जाणून दिले नव्हते, आणि त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपून परत येतो तो आमची भाची दारात. ती बेळगावात महाविद्यालयात शास्त्र शिकविते. तिने सोबत रसायनांच्या लहान कुप्या आणल्या होत्या. काचेच्या नळीत पेटीतले थोडे पाणी घेऊन तिने काही थेंब टाकले. पाणी स्वच्छ असते तर रंग पिवळा राहिला असता; तो गर्द हिरवा झाला. दर लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम अमोनिया.

"मामा, गोठा दोन दिवस झाडला नाही तर आत शिरताच डोळ्यांना झोंबते ना, ते हेच," ती म्हणाली. "फक्त इथे जनावराला गोठ्याबाहेर पडता येत नाही."

मासा आपल्या शरीरातील मळ बव्हंशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले दाणे कुजून त्यात भर पडते. पाणी डोळ्यांना निर्मळ दिसते, कारण अमोनियाला रंग नाही. सगळाच अमोनिया सारखा घातकही नसतो. पाण्याचा सामू, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात तो, ७ असून उष्णता २५ अंश असेल तर त्यातील शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. तोच सामू ८ झाला की सुमारे पाच भाग विषारी होतात. उष्णता वाढली की आणखी. आमच्या पाण्याचा सामू ८ भरला, आणि महिना तर मे होता.

मग ओढ्यातले, तळ्यातले मासे कसे जगतात? हा प्रश्न आमच्या नातवाने विचारला, आम्ही नव्हे. उत्तर ऐकून मात्र आम्हां शेतकऱ्यांस आपलीच लाज वाटली. कच्चे शेण रोपाच्या मुळाशी घातले तर रोप जळते, कुजवून घातले तर पोसते, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. तो पालट घडविणारे सूक्ष्म जीव मातीत असतात, तसेच पाण्यातही. काही जाती अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. त्यांना प्रथम वेगळे काढून वाढविण्याचे श्रेय कीव्ह येथे जन्मलेले सर्गेई विनोग्राड्स्की यांचे. ते काम त्यांनी झुरिक येथे केले व १८९० साली प्रसिद्ध केले. हे जीव खडीवर व स्पंजावर वस्ती करतात. दही एका रात्रीत लागते. यांची संख्या दुप्पट व्हावयास मात्र एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, आणि पेटी पुरती वसण्यास चार ते सहा आठवडे. आमच्या पेटीत जी काही चार घरे वसली असतील ती आम्ही साबण लावून उठविली होती.

त्याच दुपारी अर्धे पाणी बदलले, दुसऱ्या सकाळी पुन्हा अर्धे. चाराचे दोन, दोनाचे एक, असा सरळ हिशेब. माशांकडून रोज पडणारी भर मात्र निराळी. पुढे रोज चौथा हिस्सा. खडीला व स्पंजाला हात लावावयाचा नाही. दाणे एक दिवसाआड, आणि तेही दोन मिनिटांत संपतील एवढेच. बुडबुड्यांचे यंत्र अहोरात्र चालू, कारण माशांप्रमाणे त्या जीवांनाही प्राणवायू लागतो. वीज गेली की नातू तांब्याने पाणी वर घेऊन खाली सोडीत बसे. तांब्या स्टीलचा, हे सांगावयास हवे. तांब्यापितळेचे भांडे भाचीने वर्ज्य ठरविले होते, तांबे माशांस बाधते म्हणून. पंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते; ती त्या जीवांनाही मारते व माशांनाही. म्हणून पाणी आदल्या रात्रीच प्लास्टिकच्या टबांत उघडे ठेवून त्यातील क्लोरीन उडून जाऊ द्यावयाचे. शहरातील वाचकांनी मात्र एवढ्यावर विसंबू नये. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते. ते उघडे ठेवून जात नाही, त्याला औषधच लागते.

आठवड्याने भाचीने एका स्नेह्याच्या दोन वर्षे चाललेल्या पेटीतील स्पंजाचा तुकडा ओल्या पिशवीतून आणला. मळकट, काळपट, आमच्या मंडळींनी चिमटीत धरून नाक मुरडावे असा. "मामी, हे विरजण समजा," ती म्हणाली, आणि मामींचा विरोध मावळला.

आठ दिवसांत हिरवा रंग फिकट झाला. आम्ही हर्षलो; पण दुसऱ्या नळीतले पाणी जांभळे झाले. आता नायट्राइट चढले होते. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. त्यावरचा उतारा आमच्या स्वयंपाकघरातलाच निघाला: लिटरला एक ग्रॅम मीठ, निराळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घातलेले. मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडविते. पाणी बदलणे चालूच होते. जेवढे पाणी काढू तेवढ्यापुरतेच मीठ नव्याने घालावयाचे.

पाऊस लागला, शाळा सुरू झाली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी दोन्ही नळ्यांत निर्दोष रंग दिसला. नातू दिनदर्शिकेवर रोजचे आकडे लिहीत असे. त्या चौकोनात त्याने दोन शून्ये काढून त्यांना शेपट्या जोडल्या.

पाचांतले दोन मासे वाचले. गोल्डफिश पुष्कळ मळ टाकणारे व मोठे होणारे. एवढ्या पेटीत पाच आणणे हीच पहिली चूक, हे भाचीने आमच्यासाठी शेवटी राखून ठेवले होते. ते दोघे आणखी वाढले की अंगणातल्या जुन्या दगडी हौदात जातील. मीठ पुरते निघून गेल्यावरचे, आठवड्याला बदललेले पाणी आमच्या मंडळी अळूला घालतात, आणि अळू माजले आहे.

"मी मारले का?" याचे खरे उत्तर आम्ही नातवास पुढे दिले. दाणे तू जास्त घातलेस, पण स्पंज आम्ही धुतला, असे म्हणालो. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग अर्धे अर्धे." तीन माशांचे अर्धे कसे करावयाचे, हा हिशेब त्याने अद्याप घातलेला नाही.