पाहुण्यांनी पाळलेली एकादशी

मैत्रिणींनो, पुण्याहून नाशिक रस्त्याने चाकणला कधी गेला आहात का? भोसरी मागे पडली, मोशी सुटली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या पाट्या सुरू होतात. जर्मन, जपानी, कोरियन, नाना देशांची नावं. 2009 साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या जर्मन मोटारींचे कारखाने इथे सुरू झाले आणि त्यांच्या आगेमागे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. आमच्या सासूबाईंच्या लेखी मात्र चाकण अजूनही कांदे-बटाट्यांच्या बाजाराचं गाव. आणि शाळेत शिकवताना मला आठवतो तो तिथला संग्रामदुर्ग, जो 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला.

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. या कारखान्यांच्या पट्ट्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. म्हणजे जर्मनीचा इंजिनिअर असो की कोरियाचा, इकडे कामाला आला की तो राहतो तुकोबा आणि माउली यांच्या मधोमध! त्याला बिचाऱ्याला ते कुणी सांगत नाही, ही गोष्ट निराळी. ती आम्हीही सांगितली नव्हती. त्याचीच ही हकीकत.

आम्ही निगडीला राहतो. मी सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि उरलेला दिवस घर सांभाळते. आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. 2024 च्या पावसाळ्यात त्यांच्याकडे नवीन मशीन बसवायला एक जर्मन तंत्रज्ञ आले होते. मुक्काम सहा आठवड्यांचा. शेवटच्या पंधरवड्यात त्यांची पत्नीही भारत बघायला आली. ह्यांनी एका संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "बुधवारी सुट्टी आहे. दोघांना जेवायला बोलावलंय. दिवसभर जरा फिरवून आणू."

मी कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला. बुधवार, 17 जुलै. मोहरमची सुट्टी खरी, पण त्याच दिवशी आषाढी एकादशी! घरात कांदा-लसूण नाही, सासूबाईंचा कडक उपवास, माझाही उपवास.

"अहो, पाहुण्यांना काय साबुदाण्याची खिचडी घालू?"

"घाल की. ते हौसेने खातील."

जेवणाचं मी निभावून नेणारच होते. खरी पंचाईत पुढेच होती. ह्यांच्या ऑफिसातले एक स्नेही त्या दिवशी आमच्याकडे येणार होते. ते आदल्या संध्याकाळी एक पिशवी घेऊन हजर. "वहिनी, उद्या ड्राय डे. दुकानं बंद, हॉटेलातला बारही बंद. गोऱ्या पाहुण्याला बिअरशिवाय जेवायला बसवणार का? मशीनच्या कागदांवर अजून त्याची सही व्हायची आहे. ह्या चार बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. बंद दाराआड कुणाला काय कळतंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. आणि खरं सांगू? मीही नाही म्हटलं नाही. सहीचं काम, नवऱ्याची नोकरी, पाहुण्यांपुढे आपण गावंढळ दिसू ही भीती, सगळं एकदम मनात आलं. मी त्या बाटल्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, भाजीच्या पिशव्यांमागे दडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिचडीचा डबा बरोबर घेऊन आम्ही पाहुण्यांना चाकणहून गाडीत घेतलं आणि आळंदी फाट्याने आळंदीला गेलो. आषाढीला पंढरपूरला ज्यांना जाता येत नाही ती माणसं आळंदी-देहूला येतात, त्यामुळे गर्दी अफाट. भुरभुर पाऊस, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या बाया, टाळांचा आवाज. ज्ञानेश्वर महाराजांनी 1296 साली इथे संजीवन समाधी घेतली, तेव्हा त्यांचं वय एकवीस, असं मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या बाईंनी चपला काढल्या, ओढणी नव्हती म्हणून पिशवीतला रुमाल डोक्याला बांधला, आणि रांगेत माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या बायकांचं बघून त्यांनी केलं.

घाटावर आल्यावर मात्र माझी मान खाली गेली. आळंदीला इंद्रायणीवर सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने फेस येतो, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. "ही पवित्र नदी ना?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. मला उत्तर देता आलं नाही.

तिथून मोशी, चिखली, तळवडे करत आम्ही देहूला गेलो. तुकोबांचे अभंग ज्या इंद्रायणीत बुडवले आणि तरले असं आपण मानतो, ती कथा मी गाडीतच सांगितली. वाटेत त्या गृहस्थांच्या एक गोष्ट ध्यानात आली. "आज काही दुकानांची शटरं खाली आहेत. आमच्या हॉटेलचा बारही बंद होता. कुणी मोठं माणूस वारलं का?"

तेव्हा आम्ही सांगितलं, की आज एकादशी, म्हणून दारूविक्री बंद. महाराष्ट्रात आषाढी आणि कार्तिकी एकादशीला, अनंत चतुर्दशीला, तसंच 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी अशी बंदी असते. मतदानाची वेळ संपेपर्यंतचे 48 तासही दारू विकता येत नाही, तो तर देशभराचा कायदा. मागे बसलेल्या सासूबाईंनी त्यात भर घातली. त्यांच्या वडिलांच्या तरुणपणी हे एका दिवसाचं नव्हतंच. 1949 च्या कायद्याने 1950 पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत होती, तेव्हाही सारं राज्य कोरडंच होतं. परदेशी माणसांना परवाना काढावा लागे. पुढे बंदी सैल झाली, तरी कायद्याच्या पुस्तकात प्यायला परवाना आजही लागतोच.

पाहुणे हसून म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं, तर सकाळी मी हॉटेलवाल्याशी हुज्जत घातली नसती."

संध्याकाळी पाहुणे घरी आले. साबुदाणा रात्रीच भिजवलेला होता. (पाणी साबुदाण्याच्या जेमतेम वर राहील एवढंच घालावं, म्हणजे खिचडी मोकळी होते.) वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा गोड कीस, काकडीची कोशिंबीर असा बेत. मिरची अगदी बेताची. आणि एक सांगून ठेवते, उपवासाच्या पदार्थांत शेंगदाण्याचा कूट हटकून असतो. परदेशी पाहुण्यांना दाणे चालतात का, हे आधी विचारावंच. काहींना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी असते.

पानं घेण्याआधी सासूबाई स्वतःसाठी केळं आणि दूध घ्यायला उठल्या. फळं मी खालच्या कप्प्यात ठेवली होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांनी तो कप्पा ओढला. बाटल्या एकमेकींवर वाजल्या. मी ओट्याशी उभी होते, माझा हात तिथेच थांबला. सासूबाईंनी एकवार आत बघितलं, कप्पा सावकाश सरकवला आणि काही न घेता देवघरापाशी जाऊन बसल्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर ते स्नेही पाहुण्यांना डोळा मारून सांगत होते, "तुमच्यासाठी खास सोय केली आहे."

पाहुण्यांना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी विचारलं, "पण आज तर बंद आहे ना?"

"तुमच्यासाठी चालतं हो!"

त्यांनी देवघराकडे बघितलं. म्हणाले, "आजींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. त्यांच्या घरात बसून मी आज बिअर पिऊ? नको. उद्या पिऊ."

त्यांच्या पत्नीने मग सांगितलं, की त्या बव्हेरियातल्या. तिकडे गुड फ्रायडेला नाचगाण्याच्या जाहीर कार्यक्रमांना कायद्यानेच बंदी असते, बिअरच्या गुत्त्यातही त्या दिवशी संगीत वाजवायचं नाही. "आमची तरुण मुलं कुरकुरतात. पण परदेशी पाहुणा आला म्हणून आम्ही काही मागच्या खोलीत बँड लावत नाही."

बाई, काय सांगू, ते वाक्य माझ्या अगदी जिव्हारी लागलं. कारण तिने टोमणा मारला नव्हता. आम्ही मात्र तेच केलं होतं, मागच्या खोलीत बँड लावला होता.

मी आत गेले आणि सासूबाईंजवळ बसले. "आई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी मागितली असती तर मला एवढं वाटलं नसतं. न मागता आपणच आपलं मोडून द्यायला निघालो." मग दूध मी त्यांच्या हातात नेऊन दिलं. बाटल्या त्या स्नेह्यांच्या पिशवीत परत गेल्या. पाहुण्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली. आणि मशीनच्या कागदांवर सही कधी झाली म्हणाल, तर मशीन नीट चालायला लागलं तेव्हा, पुढच्या आठवड्यात.

तेव्हापासून हा विषय आला की मी कान देऊन ऐकते. 2022 साली कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. स्पर्धा दोन दिवसांवर आली असताना जाहीर झालं, की स्टेडियमच्या आवारात बिअर मिळणार नाही. केवढी ओरड झाली! पण सामने सुरू झाले आणि लाखो लोकांनी ते बिअरशिवाय पाहिले. थायलंडमध्ये आपल्या आषाढी पौर्णिमेच्या सुमारास बुद्धाच्या पहिल्या उपदेशाचा सण असतो, त्याचं नावही आषाढावरूनच आलेलं. त्या दिवशी तिथे वर्षानुवर्षं दारूविक्री बंद असायची. 2025 मध्ये हॉटेलं, विमानतळ अशा काही जागांना सूट मिळाली. म्हणजे आपलाच देश काही जगावेगळा नाही, आणि प्रवास करणाऱ्या माणसाला या गोष्टी ठाऊक असतात. कळवलं की बहुतेक जण पाळतात.

आता तुम्ही म्हणाल, एक दिवस दुकान बंद ठेवून काय मोठा फरक पडतो? हा प्रश्न मलाही पडला होता. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, पिणारा आदल्या दिवशीच आणून ठेवतो. आमच्या घरातल्यानेही ठेवलीच होती. पण गल्लीतलं दुकान बंद, त्यामुळे संपली की संपली. रात्री अकराला सगळी वस्ती निजली. वर्षातल्या अशा रात्री मी मोजून ठेवते." माझ्यासाठी एकादशी म्हणजे वरईचे तांदूळ. त्यांच्यासाठी ती शांत झोपेची रात्र होती. आणि त्या रात्रीची बंदी मोडायला मी फ्रिज उघडून दिला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढंच सांगायचं. तुमच्या घरी, तुमच्या ह्यांच्या ऑफिसात परदेशी पाहुणे येणार असले, तर बोलावण्याआधी कॅलेंडर बघा आणि त्यांना सरळ सांगा, की अमुक दिवशी आमच्याकडे असं असतं. लाजू नका, माफीही मागू नका. कारण विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. त्यांच्याकडेही असे दिवस असतात, ते आठवणीने विचारा, गप्पांना विषय मिळेल. प्यायला कोकम सरबत ठेवा, ताक ठेवा. आणि घरातलं कुणी "त्यांच्यासाठी चालतं" म्हणून पिशवी घेऊन आलं, तर ती दारातच परत करा.

जर्मनीला गेल्यावर त्या बाईंचं पत्र आलं. त्यात साबुदाणा कुठल्या दुकानात मिळाला ते लिहिलं होतं आणि एक प्रश्न होता. कार्तिकी एकादशी किती तारखेला?