मॅनेजर घेताना सर्टिफिकेट नको, काम बघा

थोडं मोठं लिहितोय, पण जुन्नर-आंबेगावात शेतकरी कंपनी, पतसंस्था, कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्यांनी जरूर वाचा.

जून 2025 मध्ये राज्य सरकारने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं, 500 कोटींची तरतूद केली. बिबट्यासाठी वनखात्याचे एआय कॅमेरे आपल्याकडे काही गावांत बसलेत. आता नोकरीच्या जाहिरातीतही 'ऑपरेशन्स मॅनेजर पाहिजे, एआय येणे आवश्यक' असं सर्रास दिसतंय. चांगलंच आहे. आवक, क्रेट, गाड्या, मजूर, पट्ट्या, शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज... एवढं सगळं एका माणसाने वहीवर ओढायचे दिवस गेले.

पण 'येणे' म्हणजे काय, हे कोण ठरवणार?

मागच्या महिन्यात एका शेतकरी कंपनीच्या मुलाखतीला मी पॅनेलवर होतो. आम्ही उमेदवारांना मोबाईल वापरायची मुभा दिली. काम साधं: उद्या 400 क्रेट टोमॅटो तोडून वाशीला पाठवायचाय, अर्ध्या तासात नियोजन द्या.

पुण्याहून आलेल्या एका मुलाने पाच मिनिटांत झकास तक्ता दिला. इंग्रजी फर्डं, कोर्स तीन. पण तक्त्यात 400 क्रेटचे 10 टन धरलेले. आपला क्रेट 20 किलोचा, म्हणजे 8 टनच! आणि तोडणीच्या बायकांना पहाटे साडेचारला उसाच्या कडेने चालत बोलावलेलं. बिबट्याच्या भीतीने जिथं शेतकरी दिवसा वीज मागतोय, तिथं हे नियोजन!

आपल्या तालुक्यातल्या एका मुलीनेही एआयच वापरलं. पण वजन स्वतः तपासलं, तोडणी उजाडल्यावर ठेवली, बायकांना आणायला पिकअप लावली. मजुरांच्या मुकादमाला पाठवायचा मेसेज मात्र एआयकडून लिहून घेतला, वाचून दोन शब्द बदलले. शेतकऱ्यांचे आधार नंबर, पासबुक फुकटच्या ॲपवर टाकणार का, विचारलं, तर म्हणाली, "नाही सर, त्यांना विचारल्याशिवाय नाही."

ती अर्जच करणार नव्हती. कारण जाहिरातीत 'एआय सर्टिफिकेट अनिवार्य' होतं, आणि तिच्याकडे ते नव्हतं. पॅनेलवरही दोघांचं मत त्या मुलाकडे होतं. 'टूल शिकलेला आहे, रान शिकेल' असं त्यांचं म्हणणं. तासभर वाद झाला. शेवटी तिला घेतलं.

2023 च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव कोसळले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा बाजारात मशीनचं उत्तर डोळे झाकून पुढे ढकलणारा माणूस परवडत नाही. चुकलं तर पट्टी शेतकऱ्याची कापली जाते, मशीनची नाही.

म्हणून संचालक मंडळींना विनंती: सर्टिफिकेटची अट काढा. अर्ध्या तासाचं खरं काम द्या, एआय वापरू द्या, आणि उत्तरात काय बदललं, का बदललं, एवढंच विचारा. आणि पगार नीट द्या, नाहीतर ही पोरं चाकणला जाणारच.

तुमच्याकडे कशी भरती होते? कमेंटमध्ये लिहा.

#जुन्नर #आंबेगाव #शेतकरी_कंपनी